दिल्लीची मोटार स्वस्त, हिशेब महाग

दिल्लीतील जुनी बीएमडब्ल्यू थ्री सीरिज किंवा ऑडी ए-फोर मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला स्वस्त वाटते. मात्र या स्वस्ताईमागे नियमांचाही हात आहे. दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवरील राजधानी परिसरातील बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला अंशतः आवर घातला. तरी जुन्या डिझेल मोटारीवरील अनिश्चिततेचे सावट पुरते हटलेले नाही.

खरा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची, तर नवी नोंदणी आणि येथील कर अटळ आहे. नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागू आहे; दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला तो लागत नाही. शिवाय मोटारीची किंमत निम्म्यावर आली, तरी गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि सुट्या भागांचे दर नव्या मोटारीचेच राहतात.

म्हणूनच बयाणा देण्यापूर्वी कर्जाचा बोजा, सर्व्हिसच्या नोंदी आणि तज्ज्ञ मेकॅनिकची तपासणी, या तिन्हींची खातरजमा आवश्यक ठरते. अन्यथा मानाची मोटार घरच्या बचतीवरचा भार ठरू शकते.