अर्धशिशीग्रस्तांची कैफियत : सरकारपुढे आणि समाजापुढे



ज्या व्याधीने माणूस दगावत नाही, जिचा व्रण अंगावर उमटत नाही, आणि जी ओसरल्यावर रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चारचौघांसारखा कामावर हजर होतो, अशा व्याधीविषयी पत्रक काढून घरोघर वाटण्याचे कारण काय, असा प्रश्न हा कागद हाती पडताच पुष्कळांच्या मनात येईल. त्याचे उत्तर आम्ही प्रारंभीच देतो. आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या जमाखर्चात ठळक रकाने दोनच आहेत, एक मृत्यूचा आणि दुसरा रुग्णालयातील खाटेचा. आणि जो रोग माणसाला मारीत नाही व खाटेवर निजवीतही नाही, परंतु त्याच्या आयुष्यातील ऐन उमेदीचे दिवस एकेक करून हिरावून नेतो, तो या दोन्ही रकान्यांबाहेर राहतो, आणि जे हिशेबात धरले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. अर्धशिशी हा असा रोग आहे. त्याच्या संशोधनासाठी सार्वजनिक निधी मिळावा आणि त्याचे औषध गरिबाच्या आवाक्यात यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

ज्यांना हा विकार नाही त्यांना त्याचे स्वरूप समजणे कठीण आहे, आणि त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. झटका येण्याच्या आदल्या दिवशी कित्येकांना विनाकारण जांभया येतात, मान आखडते, मन उदास होते. काहींच्या डोळ्यांपुढे एक नागमोडी, झगमगणारी रेघ उमटते. ती हळूहळू पसरत जाते आणि तिच्या आतल्या भागातील अक्षरे दिसेनाशी होतात, इतकी की वर्गात फळ्याकडे पाहणाऱ्या शिक्षिकेला स्वतःच लिहिलेले वाक्य अर्धे पुसल्यासारखे भासते. मग एका बाजूच्या कानशिलात ठोके पडू लागतात. जिन्याची प्रत्येक पायरी चढताना ते वाढतात. शेजारच्या घरातील फोडणीचा वास, मोरीत पडलेल्या भांड्याचा आवाज, खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप, यांपैकी काहीही सोसवत नाही. ओकारी येते, आणि पोटात गेलेली गोळीही तिच्याबरोबर बाहेर पडते. औषध लागू पडले नाही तर हे चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत चालू राहते. आपल्या आज्या अशा वेळी डोक्याला फडके करकचून बांधून, कपाळावर सुंठ उगाळून लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहात, आणि घरातील माणसे ‘तिची शिशी उठली आहे’ एवढेच म्हणून आपापल्या कामाला लागत. फडके आणि सुंठ यांच्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे, आणि तरीही असंख्य घरांत आजची स्थिती तीच आहे.

हा विकार काही आधुनिक शहरी जीवनाने निर्माण केलेला नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोगांमध्ये अर्धावभेदकाची, म्हणजे अर्धशिशीची, गणना आहे. तो नाजूक प्रकृतीच्या बायकांचा चोचला आहे, हा समज तर सर्वस्वी खोटा आहे. मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूंच्या टोकांतून, झटक्याच्या वेळी, सीजीआरपी या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे द्रव्य स्रवते, हे १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी रुग्णांच्या मानेतील शिरेचे रक्त तपासून दाखविले. पुरुषांच्या मानाने स्त्रियांना हा विकार दुपटी-तिपटीने होतो हे खरे. पण म्हणून तो काल्पनिक ठरत नाही, उलट ज्या रोगाचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडतो त्याची उपेक्षा किती सहज होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आता व्याप्तीकडे पाहू. २०१९ सालच्या जागतिक रोगभाराच्या गणनेत, माणसे जी वर्षे विकलांग अवस्थेत काढतात त्यांच्या कारणांमध्ये अर्धशिशीचा क्रमांक दुसरा लागला, आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांपुरते पाहिले तर पहिला. त्याच गणनेप्रमाणे भारतातील अर्धशिशीग्रस्तांची संख्या २१ कोटींच्या घरात होती. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेतील संशोधकांनी त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत दारोदार जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात या विकाराचा त्रास झाल्याचे आढळले. दर चार माणसांत एक, असे हे प्रमाण आहे.

इतक्या मोठ्या लोकसंख्येला व्यापणाऱ्या रोगाची सरकारी दवाखान्यात काय वासलात लागते, ते आम्हां रुग्णांना अनुभवाने पुरते ठाऊक आहे. सकाळी केसपेपर काढायचा, ट्यूबलाइटखालच्या बाकावर डोळ्यांवर पदर किंवा रुमाल धरून बसायचे, नंबर आल्यावर दोन मिनिटांत ‘डोके दुखते का? झोप होते का?’ एवढी विचारपूस व्हायची, आणि औषधाच्या खिडकीवर पॅरासिटामॉलची कात्रीने कापलेली अर्धी पट्टी हातात पडायची. याखेरीज काही लिहून दिले असेल तर त्यावर ‘बाहेरून आणा’ हा शेरा. त्या डॉक्टरांवर आमचा राग नाही. ज्यांच्या दारात शे-दीडशे माणसे ताटकळत उभी आहेत आणि ज्यांच्या प्रशिक्षणात या विकाराला जेमतेम एखादा तास मिळाला असेल, त्यांनी याहून अधिक काय करावे? पण परिणाम असा होतो की रुग्ण सरकारी खिडकीचा नाद सोडून कोपऱ्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊ लागतो, आणि महिन्यात दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या पोटात जाऊ लागल्या की त्या गोळ्यांचीच डोकेदुखी मूळ विकारावर चढते. हा नवा, चिवट आजार अज्ञानातून आणि दुर्लक्षातून उत्पन्न झालेला असतो. तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे.

दि. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, याबद्दल आम्ही सरकारचे ऋणी आहोत. परंतु जे औषध भांडारात ठेवलेलेच नाही ते फुकट देण्याने कोणाची वेदना थांबणार? महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे, आणि अर्धशिशीचा रुग्ण दाखल होत नाही, तो महिन्याच्या महिन्याला गोळ्या विकत घेतो. देशाच्या आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी दर १०० रुपयांतले ३९ रुपये २०२१-२२ साली लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले, असे सरकारचाच हिशेब सांगतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो दोन टक्क्यांनाही पोहोचलेला नव्हता.

कामगारांची गत पाहा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने असा शिरस्ता घालून दिला की आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळणार नाही. भत्ता मिळालेल्या आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यासच त्यातून सूट. ज्या रोगाचे बहुतेक झटके दोन दिवसांतच येऊन जातात, त्याच्या रुग्णाला या नियमाने जवळजवळ कायमचे वगळले आहे. तिसऱ्या दिवशी तो कामगार फिकुटलेल्या चेहऱ्याने मस्टरवर सही करतो, बिनपगारी रजेचे दोन दिवस पगारातून वजा होतात, आणि मुकादमाच्या लेखी तो कामचुकार ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या विकलांगता नमूद आहेत. त्यांत अर्धशिशीचे नाव नाही, महिन्यातले पंधरा-वीस दिवस तिने ग्रासलेल्या माणसासाठीही नाही.

संशोधनाची कथा याहून उद्बोधक आहे. हा विकार वरचेवर येऊ नये म्हणून जी औषधे आज स्वस्तात मिळतात, ती बहुतेक सर्व दुसऱ्या रोगांच्या उष्ट्या ताटातली आहेत: प्रोप्रानोलॉल हृदयशूलासाठी बनले, आणि ते घेणाऱ्या एका रुग्णाची अर्धशिशीही कमी झाल्याचे १९६६ मध्ये योगायोगाने ध्यानात आले, अमिट्रिप्टिलीन औदासीन्यावरचे, तर टोपिरामेट अपस्मारावरचे. त्यांनी पुष्कळांना आराम पडतो, पण पुष्कळांना पडत नाही, आणि सुस्ती, वजनवाढ, विस्मरण असे त्यांचे दुष्परिणाम सोसत कित्येक जण ती अर्ध्यावर सोडून देतात. केवळ अर्धशिशीच रोखण्यासाठी मुळापासून घडविलेले पहिले औषध जेव्हा अवतरले, तेव्हा ते सीजीआरपीच्या त्याच शोधातून अवतरले. १९९० च्या त्या रक्ततपासणीपासून २०१८ मध्ये अमेरिकेत पहिल्या प्रतिपिंड-औषधाला मंजुरी मिळेपर्यंत अठ्ठावीस वर्षे गेली. गोड्सबी, एडविन्सन, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन यांना २०२१ मध्ये मेंदूविज्ञानातील ब्रेन प्राइझ हा मोठा सन्मान मिळाला तो या कार्यासाठी. चिकाटीने केलेले मूलभूत संशोधन या रोगाला खचित नमवू शकते, हे यावरून सिद्ध झाले. त्याला विलंब लागतो तो निधीच्या दुष्काळामुळे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की क्षयरोग, कर्करोग आणि बालमृत्यू यांनी गांजलेल्या देशाने डोकेदुखीवर पैसा का खर्चावा. आमचे उत्तर असे की त्या रोगांच्या तोंडचा एक पैसाही आम्ही मागत नाही. प्रोप्रानोलॉलसारखी गोळी अत्यंत स्वल्प किमतीची आहे, आणि जी शिक्षिका, जो यंत्रचालक, जी परिचारिका त्या गोळीने महिन्यातले चार दिवस परत मिळवील, ती त्या दिवसांत क्षयरोग्याची आणि बालकाचीच सेवा करील. दुसरा आक्षेप असा की संशोधन परदेशांत चाललेलेच आहे, त्याचे फळ आपल्याला मिळेलच. फळ मिळते खरे, पण त्याची किंमत झाड लावणारा ठरवितो. ही नवी औषधे महिन्याकाठी हजारो रुपयांना पडतात, म्हणजे ज्यांना ती हवीत त्यांतील बहुतेकांना ती नसल्यासारखीच आहेत. याच बाबतीत आपल्या मुंबईच्या पेटंट कार्यालयाने घालून दिलेले उदाहरण स्मरणीय आहे: मार्च २०१२ मध्ये तेथून निघालेल्या सक्तीच्या परवान्याने, सोराफेनिब या कर्करोगावरील औषधाची महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आली. कायदा हाती आहे, औषधे बनविण्याचे कौशल्य देशात आहे. उणीव आहे ती इच्छेची.

सबब, आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने शिरःशूलविकारांच्या संशोधनासाठी स्वतंत्र शीर्षाखाली वार्षिक तरतूद करावी. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांकरवी ऊसतोड, यंत्रमाग, शेतमजुरी आणि घरकाम करणाऱ्यांची पाहणी करवून घ्यावी. ऊन, उपास, अपुरी झोप आणि पंडुरोग यांचा या विकाराशी असलेला संबंध आपल्याच भूमीत तपासला गेला पाहिजे.

२. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिबंधक औषधे आणि झटक्यावरील सुमाट्रिप्टान बारमाही उपलब्ध असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुमाट्रिप्टानला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे.

३. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अर्धशिशीचा अंतर्भाव करून वैद्यकीय अधिकारी व आशा कार्यकर्त्यांना तिचे निदान आणि वेदनाशामकांच्या अतिरेकाचा धोका शिकवावा. मज्जाविकारांविषयीचा जो दहा वर्षांचा जागतिक कृती-आराखडा मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारला, त्याच्याशी हे सुसंगतच होईल.

४. जनआरोग्य योजनेत बाह्यरुग्णांच्या दीर्घकालीन औषधांचा खर्च समाविष्ट करावा, आणि नव्या औषधांच्या किमती सरकारने वाटाघाटीने, न जमल्यास कायद्याच्या बळाने, उतरवाव्यात.

५. वैद्यकीय दाखला असलेल्या अर्धशिशीग्रस्त कामगाराला पहिल्या दोन दिवसांच्या अटीतून मुक्त करावे; आणि तीव्र, जुनाट अर्धशिशीला दिव्यांग हक्क कायद्याखाली मान्यता द्यावी.

वाचकहो, या मागण्या आपोआप मंजूर होणार नाहीत. ज्यांना हा विकार आहे त्यांनी झटक्यांची तारीख, घेतलेली गोळी आणि बुडालेला रोज यांची नोंद एका साध्या वहीत ठेवावी आणि ती डॉक्टरांपुढे धरावी. दोन मिनिटांच्या तपासणीत ती वही तुमच्या वतीने बोलेल. ज्यांना हा विकार नाही त्यांनी आपल्या ग्रामसभेत आणि रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत हा प्रश्न एकदा तरी विचारावा की आपल्या केंद्रात अर्धशिशीचे कोणते औषध आहे. आणि कोणीही, अर्जामागे दहा रुपये भरून, माहिती अधिकार कायद्याखाली दोन अर्ज करावेत: एक केंद्राकडे, गेल्या पाच वर्षांत अर्धशिशीच्या संशोधनावर किती खर्च झाला हे विचारणारा, दुसरा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, औषधांच्या साठ्याची चौकशी करणारा. तीस दिवसांत उत्तर देण्यास सरकार कायद्याने बांधलेले आहे. ती उत्तरे आपल्या आमदार-खासदारांना दाखवा, आणि त्यांवर सभागृहात प्रश्न उपस्थित होईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नका. आमच्या दिवसांना सरकारी जमाखर्चात रकाना मिळायचा असेल, तर तो असाच मागून घ्यावा लागेल.

आपले नम्र,
अर्धशिशीने पीडित काही नागरिक