कोणते अस्वल मेले?

स्वीडनमध्ये अस्वलांच्या शिकारीचा हंगाम २१ ऑगस्टला उघडतो. जिल्ह्याला ठरवून दिलेला कोटा भरला की तिथली शिकार थांबते, नाहीतर ती फार तर १५ ऑक्टोबरपर्यंत चालते. २०२३ मध्ये तिथे ७२२ अस्वले मारली गेली आणि तो उच्चांक ठरला. पुढच्या वर्षीचा कोटा ४८६ होता. २००८ मध्ये देशात सुमारे ३,३०० अस्वले होती, ती आता २,४०० च्या आसपास आली आहेत. निसर्गप्रेमी संघटना म्हणतात, हा वेग धोक्याचा आहे. कोट्याचे समर्थक स्वीडनने स्वतःच ठरवलेल्या १,४०० या किमान संख्येकडे बोट दाखवतात आणि अजून हजारभर अस्वले हातात असल्याचे सांगतात. दोघांचे गणित मात्र एकच आहे: होती किती, मेली किती, उरली किती. आमचा आक्षेप या वजाबाकीलाच आहे.

ही वजाबाकी कधीच उपयोगी पडली नाही, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये अस्वल मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळत असे. ते १८९३ मध्ये बंद झाले, तरी १९३० च्या सुमारास देशात जेमतेम १३० अस्वले उरली होती. दरम्यान संरक्षण मिळाले आणि १९४३ पासून नियंत्रित शिकार पुन्हा सुरू झाली. ती चालू असतानाच १३० ची ३,३०० झाली. शिकार म्हणजे सर्वनाश असे एका दमात सांगणाऱ्यांनी हा आलेख जरूर पाहावा. आम्हाला स्वतःला छंद म्हणून अस्वल मारणे पटत नाही, पण आवडनिवड बाजूला ठेवून पाहिले तर मोजून केलेली शिकार आणि वाढती संख्या सुखाने नांदू शकतात, हे मान्य करावे लागते.

बिघाड सुरू होतो तो कोणते जनावर मेले, या प्रश्नापाशी. नर गेला तरी बिघडत नाही, एक नर अनेक माद्यांना पुरतो, हा शिकार-व्यवस्थापनाचा जुना भरवसा. हरणांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी चालतो. संशोधक जॉन स्वेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या दोन पानी टिपणाने तपकिरी अस्वलांपुरता तो मोडून काढला. स्वीडनमधल्या रेडिओ कॉलर लावलेल्या माद्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यामागे होत्या. प्रौढ नर मारला गेला की पुढचे दीड वर्ष त्या परिसरात पिल्ले जगण्याचे प्रमाण घसरते, असे त्यात दिसले. त्यांच्या हिशेबाने एक प्रौढ नर मारण्याचा परिणाम अर्धी ते एक प्रौढ मादी मारण्याइतका होतो.

असे का व्हावे? पिल्ले दूध पीत असतात तोवर मादी माजावर येत नाही. पिल्ले मेली तर ती काही दिवसांतच येते. मे ते जुलै हा मिलनाचा काळ. त्या काळात दुसऱ्याची पिल्ले मारणाऱ्या नराला पुढच्या विणीचा बाप होण्याची संधी मिळते, आणि डीएनए चाचण्यांनी तो खरोखरच बाप होतो असे दाखवले आहे. जुना नर जागेवर असतो तेव्हा त्या भागातली बरीच पिल्ले त्याची स्वतःची असतात. तो गेला की ही घडी विस्कटते. सुरुवातीला वाटले होते की बाहेरून आलेले तरुण, भटके नर पिल्ले मारत असावेत. पुढे उलगडा झाला की शेजारचे मुरलेले नरच यात असतात. २०१७ मधल्या जीपीएस कॉलरच्या अभ्यासात, मारल्या गेलेल्या नराच्या हद्दीत शेजारी नर दुसऱ्या वर्षी अधिक वावरू लागले आणि जिथे त्यांचा वावर वाढला तिथे पिल्लांचे जगणे घटले. गोळी ऑगस्टमध्ये एका नराला लागते आणि पिल्ले मरतात पुढच्या, किंवा त्याच्याही पुढच्या, मे-जूनमध्ये. कोट्याच्या वहीत या पिल्लांना रकानाच नाही.

हा सार्वत्रिक नियम मानून चालणार नाही. अलास्कात स्टर्लिंग मिलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नेमके उलटे चित्र मांडले. जिथे शिकार होत नाही आणि अस्वलांची दाटी झाली आहे, अशा राष्ट्रीय उद्यानांत पिल्ले कमी जगत होती, तर शिकार होणाऱ्या भागांत जास्त. दाटी, अन्न आणि नरांची मांडणी यांचे मिश्रण प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. त्यामुळे एका देशाचा निष्कर्ष दुसऱ्या देशाच्या आराखड्यात चिकटवणाऱ्या सल्लागारापासून सावध राहावे, मग तो शिकारीच्या बाजूचा असो वा विरोधातला.

स्वीडनमधली दुसरी गोष्ट आम्हाला याहून बोलकी वाटते. तिथे पिल्लांसह असलेली मादी मारायला बंदी आहे. नियम साधा आहे, हेतूही चांगला. पण एकटी मादी पिल्लांसह असलेल्या मादीपेक्षा चौपट प्रमाणात मारली जाते. स्कँडिनेव्हियातील माद्या बहुधा दीड वर्षाने पिल्ले सोडून देत, मोजक्याच माद्या ती अडीच वर्षे सांभाळत. २००५ ते २०१५ या काळात अशा माद्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. वरवर पाहता तोटा या माद्यांचाच, कारण त्यांच्या विणी कमी होतात. पण पिल्लू सोबत असणे हीच संरक्षक सनद ठरली आणि हळूहळू वाढवणाऱ्या माद्या टिकून राहिल्या. कायद्यातल्या एका ओळीने अस्वलांच्या पिढीची चाल बदलायला घेतली आहे. ती ओळ लिहिणाऱ्यांच्या हे मनातही नव्हते.

जी अस्वले जगतात त्यांच्यावरही परिणाम होतो. हंगाम सुरू झाला की ती दिवसा कमी हिंडतात, अंधारात जास्त. हेच दिवस बेरी खाऊन चरबी साठवण्याचे असतात आणि गाभण मादीची पुढची वीण त्या चरबीवर ठरते. याउलट मिलनाच्या काळात पिल्ले वाचवणाऱ्या माद्या माणसांच्या वस्तीजवळ राहिल्या होत्या, असे २०१६ मधल्या एका अभ्यासात दिसले. मोठे नर माणसाला टाळतात, म्हणून माद्यांनी माणसाचाच आडोसा घेतला. वस्तीजवळ पिल्लांसह मादी दिसताच ‘त्रासदायक’ असा शिक्का मारण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने हे एकदा आठवावे.

आपल्याकडे ना कोटा आहे ना हंगाम. आपले अस्वल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची जातही वेगळी: वाळवी आणि मुंग्या ओढून खाणारे, मोहाच्या आणि बोरांच्या दिवसांत झाडांखाली फिरणारे, हिवाळाभर न झोपणारे, पिल्लांना पाठीवर घेऊन चालणारे. स्वीडनचे आकडे त्याला लागू पडणार नाहीत. कोणते अस्वल मेले, हा प्रश्न मात्र लागू पडतो. विदर्भात रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे, कुंपणात सोडलेली वीज आणि गावठी बॉम्ब अस्वलांचेही बळी घेतात. संघर्षानंतर पिंजऱ्यात घेऊन दूर नेलेले अस्वल जिवंत राहते, पण ज्या जंगलातून ते उचलले तिथल्या उरलेल्या अस्वलांसाठी ते गेलेलेच असते. अधिनियमाच्या कलम २(१६) ने पकडणे आणि सापळ्यात अडकवणे यांना शिकारीतच धरले आहे, आणि त्यासाठी कलम ११ खालची परवानगी लागते. हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सांगायचे आहे ते असे की परवानगीच्या प्रस्तावात जनावराचे लिंग आणि वय बऱ्याचदा ‘अंदाजे’ या शब्दामागे दडवलेले असते.

आपल्याकडच्या एका शिकारीने तर नेमका आयांवरच घाव घातला. जुन्या वाचकांना गावात अस्वल नाचवायला येणारा दरवेशी आठवत असेल. त्या धंद्याला काही आठवड्यांची पिल्ले लागत. ती गुहेतून काढायची तर आई आडवी येणार, म्हणून ती बहुधा मारली जाई. नाचणाऱ्या अस्वलांची गणती करून या धंद्याचा भार कधीच कळला नसता, कारण अस्वलाच्या नाकातल्या प्रत्येक वेसणीमागे बहुधा एक मेलेली आई आणि कदाचित एखादे भावंड होते. २००९ मध्ये अखेरचे नाचणारे अस्वल सोडवल्याचे जाहीर झाले आणि ही पिळवणूक जवळपास संपली, पण त्या वर्षांत गेलेल्या माद्यांची पोकळी कुठल्या टापूत किती खोल होती हे सांगणारी नोंद आपण ठेवली नाही.

तेव्हा आमची मागणी छोटी आहे. स्वीडनमध्ये मारलेले प्रत्येक अस्वल तपासणीसाठी दाखवावे लागते. त्याचे लिंग आणि वजन नोंदले जाते, ऊतीचा नमुना घेतात, आणि वय काढण्यासाठी एक लहान दात काढून ठेवतात. १९८० च्या दशकापासून चालत आलेल्या या कामाचा आणि कॉलरच्या नोंदींचा वरच्या स्वीडनमधल्या निष्कर्षांना मोठा आधार आहे. आपल्या पंचनाम्यात जागेचे अक्षांश-रेखांश येतात, जखमांचे वर्णन येते, अवयव शाबूत असल्याची नोंद येते, शेवटी दहन केल्याची सही येते. त्या सहीच्या आधी, रीतसर परवानगी घेऊन, एक दात आणि ऊतीचा एक तुकडा राखून ठेवायला किती वेळ लागतो? पशुवैद्यक मित्रांनी मादीच्या स्तनांत दूध आहे का आणि गर्भाशयात विणीच्या खुणा आहेत का, हे दोन रकाने स्वतःहून वाढवावेत. डिसेंबर ते एप्रिलमध्ये मेलेली मादी दुधाळ निघाली तर अहवाल पूर्ण होण्याची वाट पाहू नये. वनरक्षकांनी त्याच दिवशी आसपासच्या कपारी आणि गुहा पालथ्या घालाव्यात, आणि पिल्ले सापडली किंवा नाही, दोन्ही गोष्टी त्याच पंचनाम्याला जोडाव्यात.