रेकॉर्डर कुठला घेऊ?

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला तीन जणींनी विचारला. मला! जिच्या टीव्हीचं चॅनल अजून नातू लावून देतो, तिला. पण विचारणाऱ्यांचंही चुकत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाणं पुन्हा हातात घेतलं, आणि तेव्हापासून रोजचा रियाज रेकॉर्ड करून दुपारी तो ऐकायचा, ही सवय लावून घेतली. त्या नादात चार यंत्रं घरात आली, दोन गेली. एक तर मी आपणहून भाच्याला देऊन टाकलं. तेव्हा थोडाफार अनुभव गाठीशी आहे, तो इथे लिहून ठेवते. म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की नुसतं "वाच" म्हणायचं!

विचारणाऱ्या तिघी तीन तऱ्हेच्या. एक माझी भाची, न्यू जर्सीत असते. पुण्यातल्या तिच्या गुरुजींकडे इंटरनेटवरून शिकते, पैशांचा प्रश्न नाही. "मावशी, सगळ्यात चांगला सांग," म्हणाली. दुसरी आमच्या गल्लीतली मुलगी, विशारदच्या परीक्षेला बसणार आहे. शिकवण्या करून दहाएक हजार साठवलेत. तिसरी माझी भजनी मंडळातली मैत्रीण. तिचं बजेट शून्य, आणि फोनही मुलाने वापरून झालेला.

आधी तिसरीबद्दल, कारण आपल्यापैकी बहुतेक तिथेच आहेत.

फोनवर गाणं चांगलं येत नाही हे आपण ऐकतो, पण का येत नाही ते कुणी सांगत नाही. फोनचा माईक वाईट असतो असं नाही. फोन बनवलाय बोलण्यासाठी. बोलणाऱ्याचा आवाज पुढे आणायचा आणि मागचा पंखा, गाडीची घरघर असा एकसारखा चालणारा आवाज दाबायचा, हे त्याला शिकवलेलं असतं. आता सांगा, आपल्या गाण्यात एकसारखं चालणारं काय असतं? तंबोरा! फोन बिचारा प्रामाणिकपणे तंबोऱ्याला पंखा समजतो आणि पुसून टाकतो. वर गाणाऱ्याने लांबवलेला षड्जही कधीकधी त्याला गोंगाटच वाटतो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. फोनसमोर नुसता तंबोरा मिनिटभर वाजवून रेकॉर्ड करा, गाऊ नका. मग ऐका. पहिले काही क्षण तंबोरा छान येऊन नंतर विरत गेला, तर समजा की फोन आपली अक्कल चालवतोय. मैत्रिणीच्या फोनवर आम्ही हे केलं तेव्हा तंबोरा इतक्या लवकर गेला की ती म्हणाली, "अगं, वीज गेली का?"

यावर उपाय आहे आणि तोही फुकट. रेकॉर्डिंगची काही अ‍ॅप्स अशी असतात की त्यांच्या सेटिंगमध्ये गोंगाट कमी करणं आणि आवाजाची पातळी आपोआप बदलणं या दोन्ही गोष्टी बंद करता येतात, आणि 'वेव्ह' प्रकारात साठवता येतं. नातवंडांना कामाला लावा. आयफोनवाल्यांनी व्हॉइस मेमोच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा 'लॉसलेस' करावा. फोन विमानवाल्या मोडवर टाकावा, नाहीतर ऐन तानेत जावयाचा फोन येतो. ब्लूटूथचे कानातले लावून त्यांच्या माईकवर मात्र कधीही रेकॉर्ड करू नये. त्यात लताबाईसुद्धा टेलिफोन बूथमधून गायल्यासारख्या वाटतील! तंबोऱ्याचं अ‍ॅप एका फोनवर आणि रेकॉर्डिंग दुसऱ्या फोनवर. आणि झालेलं गाणं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ते आहे तसं पोचतं.

एवढं करून रोजच्या रियाजाला फोन पुरतो. माझं हे मत पुष्कळांना पटत नाही. भाच्याला तर अजिबातच नाही. पण सूर लागला की नाही, सम बरोबर आली की नाही, शब्द चिरडले का, हे कळायला याहून जास्त काही लागत नाही. गाताना आपला आवाज आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. पहिल्यांदा रेकॉर्डिंग ऐकलं की माणूस हबकतो आणि दोष यंत्राला देतो. मीही दिला होता. दुसरं यंत्र आणलं, तरी आवाज तोच!

आता विशारदवाली. तिला मात्र मी वेगळं यंत्र घे म्हटलं. परीक्षेची तयारी म्हणजे एकेक राग अर्धा-पाऊण तास मांडायचा, तबल्याबरोबर. शांत आलाप आणि जोरकस तान यांतलं अंतर जसंच्या तसं यायला हवं. माझ्या जुन्या टू-इन-वनमध्ये पातळी आपोआप ठरायची. बाई (माझ्या गुरू) थांबल्या की ते यंत्र घाबरून आवाज वाढवायचं आणि पंखा मोठ्याने ऐकू यायचा. बाई पुन्हा गायला लागल्या की पंखा दबायचा. असा त्या कॅसेटींना दमा लागलेला असायचा. म्हणून घ्यायचं ते असं यंत्र, ज्यात हे 'ऑटो' बंद करून पातळी स्वतः ठरवता येते. आपली सर्वांत चढी तान आधी गाऊन बघायची, आणि काटा उणे बाराच्या आसपास राहील अशी पातळी ठेवायची. वर जागा मोकळी राहू द्यावी. गाणारा माणूस रंगला की ठरल्यापेक्षा जोरातच गातो.

दहा हजारांच्या आसपास झूम आणि टॅस्कॅम या दोन कंपन्यांची लहान यंत्रं मिळतात. (ही झूम म्हणजे मीटिंगवाली झूम नव्हे, कंपनी वेगळी आहे. माझाही गोंधळ झाला होता.) झूमचं एच-वन हे यंत्र पहिल्यांदा २०१० मध्ये आलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि २०२४ मध्ये 'एच-वन इसेन्शियल' आलं. त्याचे दोन माईक एकमेकांवर तिरपे बसवलेले असतात, त्यामुळे ते समोरचं जास्त ऐकतं. टॅस्कॅमच्या डीआर-झिरो-फाइव्ह-एक्सचे माईक मात्र चहूकडचं ऐकतात. खोली शांत असेल तर दुसऱ्यात तंबोऱ्याचा घुमारा फार गोड येतो. पण आमच्या गल्लीतल्या मुलीच्या खोलीला लागून स्वयंपाकघर, आणि खाली दुचाकींचं गॅरेज. तिला पहिलंच बरं.

या नव्या इसेन्शियलमध्ये 'बत्तीस बिट फ्लोट' नावाची एक गोष्ट आहे, तिचा हल्ली फार गवगवा आहे. मास्तरणीच्या भाषेत सांगते. नेहमीचं रेकॉर्डिंग म्हणजे मापट्याने तांदूळ मोजणं. मापट्यावरून सांडलं ते सांडलं, परत मिळत नाही. गाण्यात ते सांडणं म्हणजे फाटलेला आवाज. बत्तीस बिटचं मापटं इतकं मोठं असतं की पातळी ठरवण्याची कटकटच उरत नाही, नंतर कॉम्प्युटरवर कमीजास्त करता येतं. मात्र तोंड माईकला लावून ओरडलात तर माईकच गांगरतो, त्याला मापटं काही करू शकत नाही. शिवाय फाइल मोठी होते, आणि सगळ्याच फोनवर ती वाजेल असं नाही. पातळीची भीती वाटणाऱ्यांनी जरूर घ्यावं. मला स्वतःला त्याची दुसरीच गोष्ट आवडली. ते यंत्र आपली बटणं बोलून दाखवू शकतं. दिसत नसलेल्या माणसांसाठी केलेली ही सोय आमच्यासारख्या मोतीबिंदूवाल्यांनाही लागू पडते.

पैसे त्याहून कमी असतील, पाच-सात हजार, तर? मला विचाराल तर थांबा. त्या किमतीत जे 'व्हॉइस रेकॉर्डर' म्हणून मिळतात ते बहुधा सभेची टिपणं घेण्यासाठी असतात. त्यांतल्या अनेकांपेक्षा नीट लावलेला फोन बरा. त्या पैशांतला थोडा भाग एका तिपाईवर आणि थोडा जुन्या गादीवर खर्च करा.

गादीचं हसू येईल, पण सांगते. यंत्र कुठे ठेवलंय यावर जेवढं अवलंबून असतं, तेवढं ते कितीचं आहे यावर नाही. माझी पहिली दोन वर्षं रेकॉर्डर पेटीवर ठेवण्यात गेली. पेटीच्या भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट, यांतून मधूनमधून मी! जमिनीवर ठेवलं तर तबल्याचा प्रत्येक ठोका फरशीतून येतो. तेव्हा तिपाई, नाहीतर निदान खाली घडी घातलेली सतरंजी. यंत्र तोंडाच्या उंचीवर आणि तीन-चार फुटांवर असावं. तबलजी आपल्या उजवीकडे बसतो, म्हणून ते जरा डावीकडे सरकवावं. मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात, त्यांच्यापुढे गादी उभी केली, पडदे ओढले की खोली शांत होते. पंखा बंद. फारच उकडत असेल तर माईकवर स्पंजची टोपी घालून पंखा मागे. आणि यंत्रात 'लो कट' असतो तो पुरुष गायकांनी बंद ठेवावा. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण सत्तर हर्ट्झवर बोलते, तिलाच कात्री लागते.

भाचीला काय सांगितलं? तिला मी महागडं यंत्र घेऊ नको म्हटलं, आणि ती रुसली. जाड तारेचे बाहेरचे माईक लावता येतात अशी चार-सहा वाटांची यंत्रं असतात. जो मैफिली करतो, ज्याला गळ्याला एक, तबल्याला दोन, पेटीला एक असे माईक वेगळे लावायचे असतात किंवा सभागृहाच्या मिक्सरमधून वायर घ्यायची असते, त्याला ती हवीतच. माझा भाचा तेच करतो, म्हणून माझं तसलं यंत्र त्याला दिलं. एकटीने खोलीत गाणारीला त्यातली निम्मी बटणं फक्त चुकीची दाबायला असतात.

हे मी अनुभवाने बोलते. २०१४ च्या गुरुपौर्णिमेला एक मोठं यंत्र मागून आणलं होतं. बटण दाबलं, लाल दिवा लागला, मी निर्धास्त. बाई त्या दिवशी पन्नास मिनिटं मुलतानी गायल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या यंत्रात बटण दोनदा दाबावं लागतं. दिवा उघडझाप करतोय म्हणजे ते नुसतं तयारीत उभं आहे, स्थिर झाला म्हणजे रेकॉर्ड होतंय. माझा शेवटपर्यंत उघडझाप करत होता. बाई पुन्हा बसून गायल्या नाहीत. तेव्हापासून सेकंद पुढे सरकताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तंबोऱ्याला हात लावत नाही.

बाईंच्या तालमीच्या माझ्याकडे बावीस कॅसेटी होत्या, १९८८ पासूनच्या. त्या दमेकरी टू-इन-वनवरच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. आमचं घर तळमजल्यावर. आम्ही माणसं, कागदपत्रं आणि तंबोरा वर नेला. कॅसेटींची पेटी दिवाणाखाली राहिली. आठवड्याने परतलो तेव्हा तिच्यात गाळ होता. स्वच्छ पाण्यात धुतल्या, सावलीत वाळवल्या, जाणकाराकडे नेल्या. चार वाजल्या. त्यांतल्या एकीत बाई मुलतानीचा अवरोहातला रिषभ समजावून सांगतायत, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि "लक्ष कुठाय तुझं?" म्हणून मला बसलेला ओरडा. अठरा गेल्या. त्यांची दुसरी प्रत करून ठेवायचं दहा वर्षं मनात होतं.

म्हणून माझा भाचीशी वाद झाला तो इथे. महागड्या यंत्राचे वाचलेले पैसे प्रतींवर घाल म्हटलं. सीडीच्या दर्जाचं तासभराचं रेकॉर्डिंग सहाशे-साडेसहाशे एमबी होतं. बत्तीस जीबीच्या एवढ्याशा कार्डावर पन्नास तास मावतात! पण कार्ड हे साठवायची जागा नव्हे, ते नखाएवढं असतं आणि हरवतं. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या घरी. माझी पुण्याला धाकट्या बहिणीकडे असते, चौथ्या मजल्यावर. फाइलला नाव देताना तारीख, राग आणि गाणाऱ्याचं नाव घाला. 'नवीन रेकॉर्डिंग ४७' मध्ये काय आहे ते पाच वर्षांनी ब्रह्मदेवालाही कळणार नाही. भाचीने शेवटी इसेन्शियल घेतलं. पण प्रतींचं "बघू" म्हणाली. बघू.

गल्लीतल्या मुलीचं यंत्र अजून यायचंय. तोवर ती माझं वापरते, आणि रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल संपले की माझ्याच रिमोटमधले काढून नेते.

मैत्रिणीच्या फोनवर तिच्या नातवाने अ‍ॅप बदलून दिलं. तंबोरा मिनिटभर टिकला. मग तिने हरिपाठ गाऊन रेकॉर्ड केला, खाली उशी ठेवून, पंखा बंद करून, सगळं सांगितल्याप्रमाणे. काल रात्री साडेनऊला तिचा फोन.

"अगं, मी अशी गाते?"

म्हटलं, "होय."

"मग तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस ते!"