गुलाबी रंगापाशी थांबू नका

अनुमापनात द्रावण गुलाबी झाले की आपण ब्युरेटवरील आकडा टिपतो आणि वही मिटतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही मला वाटते, खरा धडा त्या आकड्यात नसून आलेखात आहे.

२५ मिलिलीटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. त्याचा सामू १. त्यात तितक्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जा. २४ मिलिलीटर पडले तरी सामू जेमतेम २.७! शेवटचा थेंब (०.०५ मिलिलीटर) उरला असता तो ४ असतो, त्या थेंबाने ७ होतो आणि पुढच्या थेंबाने १०. आलेखाची रेषा बराच वेळ रेंगाळते, मग काळदुर्गाच्या कातळासारखी उभी चढते. कारण सोपे आहे. सामू एकाने वाढायला आम्लाची संहती दहापट घटावी लागते. सुरुवातीला त्यासाठी वीस मिलिलीटर लागतात, शेवटी एक थेंब पुरतो.

आता बोईसरला या. तारापूर औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात जाते. अशा केंद्रातून सोडलेल्या पाण्याचा सामू ६ ते ९ असावा, असे २०१६ चे मानक आहे. तीव्र आम्लाच्या पाण्यात ‘आणखी थोडा’ चुना टाकणाऱ्याला हा कडा ठाऊक नसेल, तर पाणी आम्लधर्मीचे थेट आम्लारिधर्मी होईल. माशांना दोन्ही घातकच.

शिक्षकांना विनंती, एक तास या आलेखाला द्या. सामूमापक नसेल तर वैश्विक दर्शकाची कागदपट्टी चालेल. आपले काही विद्यार्थी उद्या याच कारखान्यांत कामाला लागतील. तो कडा त्यांनी एकदा तरी स्वतःच्या हाताने काढलेला असावा.