पक्ष म्हणजे नेमके कोण?

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगण विधानसभेच्या अध्यक्षांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली. २०२३ च्या निवडणुकीत भारत राष्ट्र समितीच्या तिकिटावर निवडून आलेले दहा आमदार काँग्रेसच्या गोटात गेल्याच्या तक्रारी अध्यक्षांपुढे महिनोन् महिने पडून होत्या. त्यांपैकी एका आमदाराने तर आमदारकी न सोडता २०२४ ची लोकसभा निवडणूक सिकंदराबादेतून काँग्रेसचा उमेदवार म्हणून लढविली होती; तरीही त्याने आपला पक्ष सोडला किंवा कसे, याचा विचार चालूच होता. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, पक्षांतराचा न्यायनिवाडा अध्यक्षांकडे सोपविण्याच्या व्यवस्थेचा संसदेने फेरविचार करावा, असेही सुचविले. मुदत उलटली आणि न्यायालयाला अवमानाची नोटीस काढावी लागली. राजधानीतील चर्चा मात्र नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या पक्षपातापाशी येऊन थांबली.

हा पक्षपात जुना आहे आणि तो कोणा एका पक्षाचा नाही. मणिपुरात २०१७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेला आमदार भाजपच्या मंत्रिमंडळात मंत्री झाला आणि तीन वर्षे मंत्रीच राहिला. अखेर मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेषाधिकार वापरून त्याला मंत्रिपदावरून दूर केले. राजस्थानात २०१९ मध्ये बहुजन समाज पक्षाचे सहाच्या सहा आमदार काँग्रेसमध्ये विलीन झाले, तेव्हा त्या विलीनीकरणात काँग्रेसला काही वावगे दिसले नव्हते. उलट सभापतींनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे राज्यसभेत दिसले. शरद यादव आणि अली अन्वर यांच्याविरुद्ध सप्टेंबर २०१७ मध्ये आलेली तक्रार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निकाली निघून दोघांचे सदस्यत्व गेलेही. कायदा तोच, परिशिष्ट तेच. सत्ताधाऱ्यांच्या सोयीप्रमाणे त्याचा वेग बदलतो, इतकेच.

तरीही अध्यक्ष बदलून किंवा त्यांच्या जागी एखादे न्यायाधिकरण आणून हा प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. न्यायाधिकरणापुढेही पहिला प्रश्न हाच येणार की, आमदाराने सोडला तो पक्ष म्हणजे कोण? निवडून आलेल्यांचा गट, संघटना, अध्यक्षपदावरची व्यक्ती की निवडणूक आयोगाच्या दप्तरातील कागद? या प्रश्नाचे उत्तर दहाव्या परिशिष्टात नाही. ते तेथे का नाही, हे समजण्यासाठी १९६७ पर्यंत मागे जावे लागते.

मूळ राज्यघटनेत ‘राजकीय पक्ष’ हा शब्दच नव्हता. घटनाकारांना ठाऊक होता तो मतदार आणि त्याने निवडलेला सदस्य. पहिली वीस वर्षे ही उणीव कोणाला जाणवली नाही, कारण देशाचे बहुतेक राजकारण एकाच पक्षाच्या पोटात चालले होते. रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये ज्याला ‘काँग्रेस व्यवस्था’ म्हटले, तिचे मर्म हेच होते. गटबाजी होती, हेवेदावे होते, तिकिटांसाठी रणे माजत होती. पण त्यांचा निकाल प्रदेश समित्यांत, जिल्हा परिषदांत, सहकारी संस्थांत आणि शेवटी दिल्लीत लागत असे. नाराज गटाला पक्षाबाहेर जाण्याची गरज भासत नव्हती, कारण पक्षाबाहेर मिळण्यासारखे फारसे काही नव्हते.

१९६७ च्या चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीने हे पोट फाडले. अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत गेले, काही ठिकाणी ते दोन-चार जागांवर आले, आणि कालपर्यंत पक्षांतर्गत असलेली भांडणे एका झटक्यात सभागृहात आली. उत्तर प्रदेशात चरणसिंग मूठभर आमदार घेऊन बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले. मध्य प्रदेशात गोविंद नारायण सिंग यांनी तेच करून द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार खाली खेचले. हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि भारतीय भाषांना ‘आयाराम-गयाराम’ हा वाक्प्रचार बहाल केला. या एका नावामुळे सारा प्रकार विनोदात जमा झाला, हे त्यातले दुर्दैव. वस्तुतः तो एका राजकीय व्यवस्थेचा अंत होता.

तो कोणी ओळखला असेल, तर तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. लोकसभेच्या ठरावानुसार त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आणि जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखी माणसे असलेल्या समितीने १९६९ मध्ये जो अहवाल दिला, तो आजही वाचण्याजोगा आहे. पहिल्या आणि चौथ्या निवडणुकीच्या दरम्यान, म्हणजे दीड दशकात, सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती. मार्च १९६७ नंतरच्या एका वर्षातच ४३८ झाली. पक्षांतर करणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली होती. समितीने या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले. पक्षांतर करणाऱ्याला ठरावीक काळ किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद देऊ नये आणि मंत्रिमंडळाच्या आकारालाच मर्यादा घालावी, अशा तिच्या शिफारशी होत्या. सदस्याच्या तोंडाला कुलूप घालण्यापेक्षा त्याला फितविणाऱ्या तिजोरीला कुलूप घालावे, हा त्यामागचा व्यवहारी विचार. चव्हाणांना सत्तेची नाडी माहीत होती, म्हणूनच त्यांना आजार कोठे आहे हे कळले होते.

त्यानंतरच्या सोळा वर्षांत जे घडले, त्याने कायद्याची दिशा पालटली. १९७३ चे विधेयक लोकसभेच्या विसर्जनाबरोबर गेले, १९७८ चे विधेयक विरोधामुळे मांडण्याच्या टप्प्यावरच मागे घ्यावे लागले. जानेवारी १९८० मध्ये हरियाणात भजनलाल यांनी जनता पक्षाचे अख्खे मंत्रिमंडळच काँग्रेसमध्ये नेले, तेव्हा आयाराम-गयारामची हद्द झाली. पण याहून खोल बदल पक्षांच्या आत चालू होता. १९६९ च्या फुटीनंतर काँग्रेसमध्ये मुख्यमंत्री दिल्लीतून ठरू लागले. १९७२ नंतर पक्षांतर्गत निवडणुका बंद पडल्या, त्या नरसिंह राव यांच्या काळात १९९२ मध्ये, वीस वर्षांनी झाल्या. इतर पक्षही याच वाटेने गेले. प्रादेशिक पक्षांत तर एक कुटुंब म्हणजेच संघटना, असे समीकरण रूढ झाले. ज्या प्रदेश समित्या आणि जिल्हा कार्यकारिण्या नाराजीला वाट करून देत, त्या शोभेपुरत्या उरल्या.

नेमक्या या टप्प्यावर, १९८५ च्या जानेवारीत, चारशेहून अधिक खासदारांच्या बळावर राजीव गांधी यांच्या सरकारने बावन्नावी घटनादुरुस्ती आणली. दोन्ही सभागृहांनी ती दोन दिवसांत मंजूर केली. ‘राजकीय पक्ष’ हा शब्द घटनेत आला तो असा: सदस्याला शिक्षा करणारा धनी म्हणून. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाईल, हे त्यात लिहिले गेले. पण पक्षादेश काढणारा पक्ष आपला नेता कसा निवडतो, त्याच्या आत मतदान होते की नाही, याविषयी परिशिष्टात एक ओळही नाही. पक्ष लोकशाही संघटना राहिले नव्हते, अशा वेळी घटनेने सदस्याची मान त्यांच्या हाती दिली.

या कायद्याने किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला मोकळीक दिली, ही टीका तेव्हाच झाली होती. एकतृतीयांश आमदारांची ‘फूट’ वैध ठरत असल्याने उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंग यांना फुटीर गटांना सामावून घेण्यासाठी ९३ मंत्र्यांचे मंत्रिमंडळ करावे लागले. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने फुटीची तरतूद काढली आणि मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली. चव्हाण समितीची शिफारस चौतीस वर्षांनी, तीही सैल होऊन, अमलात आली. परंतु दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाचे दार उघडेच राहिले. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी त्याचा उपयोग केला. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी पक्षाने आपल्या उमेदवारांना मंदिर, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन निष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अकरापैकी आठ भाजपमध्ये गेले.

महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये घडले ते याच्याही पलीकडचे होते. तेथे कोणी कोठे गेलेच नाही. गेलेल्यांनी आपणच पक्ष असल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नव्हे, तर राजकीय पक्षाचा, असे स्पष्ट केले. हे तत्त्व उत्तम होते. मात्र जानेवारी २०२४ मध्ये विधानसभाध्यक्षांपुढे ते तत्त्व लागू करण्याची वेळ आली, तेव्हा शिवसेनेची कोणती घटना खरी, येथपासून सुरुवात झाली. २०१८ ची घटनादुरुस्ती निवडणूक आयोगाच्या दप्तरी नव्हती. म्हणून १९९९ ची घटना ग्राह्य धरली गेली. संघटनेतील बहुमत ठरविता येईना, म्हणून ५५ पैकी ३७ आमदारांचे बहुमत हाच पक्ष ठरला. न्यायालयाने पुढच्या दाराने बाहेर काढलेला विधिमंडळ पक्ष मागच्या दाराने आत आला. अध्यक्षांवर हवी तेवढी टीका करावी. पण ज्या पक्षात वर्षानुवर्षे खऱ्या निवडणुका झाल्या नाहीत, त्यात बहुमत कोणाचे, हे मोजायचे तरी कशाने?

या कायद्याची दुसरी किंमत रोज मोजली जाते आणि म्हणूनच ती बातमी होत नाही. सरकार पडण्याच्या दिवशी कायदा आमदाराला थांबवू शकत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, तेव्हा सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाविरुद्ध मत दिलेच होते. परंतु एरवीच्या तीनशेचौसष्ट दिवसांत तो खासदाराला बांधून ठेवतो. २०२० मध्ये कृषी कायद्यांच्या बाजूने हात वर करणाऱ्या सदस्यांनीच २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करण्याच्या बाजूने हात वर केले, आणि दोन्ही सभागृहांत मिळून त्यावर चर्चाही झाली नाही. त्यांतील कित्येकांच्या मतदारसंघांत वर्षभर शेतकरी रस्त्यावर होते. त्यांना काय वाटत होते, याची नोंद संसदेच्या कामकाजात नाही. ज्या ब्रिटिश संसदेचे दाखले आपल्याकडे ऊठसूट दिले जातात, तेथे सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या एकवीस खासदारांनी ब्रेक्झिटवर पक्षादेश मोडला. त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली, खासदारकी शाबूत राहिली.

उपाय सुचविले गेले नाहीत असे नाही. अपात्रता केवळ विश्वास आणि अविश्वास ठरावांपुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच म्हटले होते. निर्णय अध्यक्षांऐवजी राष्ट्रपती वा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने द्यावा, हीही तिचीच सूचना. किहोटो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये न्या. जगदीशशरण वर्मा यांनी अल्पमताच्या निकालात नेमका हाच धोका दाखविला होता की, सभागृहातील बहुमतावर ज्याचे पद टिकते, त्याला निःपक्ष न्यायाधीश मानता येत नाही. मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये खासगी विधेयक आणून पक्षादेशाची व्याप्ती कमी करण्याचा प्रयत्न केला. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. कोणत्याही पक्षनेतृत्वाला आपल्या हातचा चाबूक सोडायचा नाही, मग ते सत्तेत असो वा विरोधात. या एका मुद्द्यावर संसदेत कमालीचे मतैक्य आहे.

दहाव्या परिशिष्टाचा फेरविचार करण्यासाठी एक समिती मात्र नेमली गेली. लोकसभाध्यक्ष ओम बिर्ला यांनी जानेवारी २०२४ च्या अखेरीस, मुंबईत भरलेल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेत तिची घोषणा केली. तिचे अध्यक्षपद त्यांनी महाराष्ट्राचे विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांच्याकडे सोपविले. शिवसेनेच्या याचिकांवरील त्यांच्या निकालाला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.