खलनायकाची ओळख कशावरून?

'क्रिश'च्या चौथ्या भागाची घोषणा मार्च २०२५ मध्ये झाली. हृतिक रोशन या वेळी स्वतः दिग्दर्शनही करणार आहे. तेव्हापासून आमच्या पुण्यातल्या पोरांच्या गप्पांत दोनच प्रश्न असतात: जादू परत येणार का, आणि क्रिश या वेळी कुठून कुठे उडणार? मला तिसराच प्रश्न पडतो. या वेळचा खलनायक कोण आणि कसा असेल? मुलं मुखवटा क्रिशचा घालतात, पण भ्यायचं कुणाला, हे त्यांना सिनेमातला खलनायक शिकवतो. म्हणून हा प्रश्न मला करमणुकीपुरता वाटत नाही.

२०१३ च्या दिवाळीत आलेला 'क्रिश ३' आठवा. त्यातला खलनायक काल, म्हणजे मराठीतला आपला काळ. विवेक ओबेरॉयने ही भूमिका केली होती. कालचं मानेखालचं शरीर लुळं आहे. तो खुर्चीला खिळलेला आहे आणि नुसत्या मनाच्या बळावर वस्तू हलवतो, माणसं फेकून देतो. नटाच्या हातातली नेहमीची सगळी हत्यारं इथे काढून घेतली आहेत. चाल नाही, हातवारे नाहीत. उरतात ते डोळे, मान, आवाज आणि थोडी बोटं. तेवढ्यावर विवेकने पडदा व्यापला. काही ठिकाणी तो अति करतो, हे खरं. पण त्याच्या नजरेत नुसता राग नाही, एक हाव आहे. आपलं शरीर बरं व्हावं, ही ती हाव. खलनायकाला स्वतःचं काहीतरी हवं असलं की तो कागदी राहत नाही.

कंगना रनौतची काया हे दुसरं उत्तम काम. ती कालने प्रयोगशाळेत घडवलेल्या मानवरांपैकी एक. कोणाचंही रूप घेणारी, आज्ञेबाहेर न जाणारी. प्रियाचं रूप घेऊन ती नायकाच्या घरात शिरते आणि तिथे तिला पहिल्यांदा माया मिळते. आधीचा कोरा चेहरा आणि नंतर त्यात हळूहळू उतरलेला गोंधळ कंगनाने फार जपून दाखवला आहे. नायकाच्या उड्डाणांपेक्षा मला या बाईचं तुटणं जास्त लक्षात राहिलं.

मग गडबड कुठे झाली? काल बरा होऊन उभा राहतो तिथे. अंगावर लोखंडी चिलखत चढतं, इमारती कोसळू लागतात आणि नट दिसेनासा होतो. कथेत आणखी एक गोष्ट पुरून ठेवली आहे. पहिल्या 'क्रिश'मध्ये (२००६) खलनायक होता डॉ. सिद्धांत आर्य. ही भूमिका केली नसीरुद्दीन शाह यांनी, म्हणजे आपल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थ्याने. याच आर्यने नायकाच्या बापाला कोंडून ठेवून त्याच्या अंशातून एक मूल तयार केलं आणि ते अपंग निघालं म्हणून अनाथाश्रमात टाकलं. तोच हा काल. म्हणजे नायकाचंच रक्त. टाकून दिलेल्या मुलाचा विषारी माणूस कसा होतो, ही मोठी गोष्ट होती. सिनेमाने ती घाईत सांगून टाकली आणि खुर्चीला मात्र भीतीचं चिन्ह करून ठेवलं. व्हीलचेअरवरच्या एखाद्या मुलाने हा सिनेमा पाहताना स्वतःला कुठे शोधायचं?

इथे मला पुण्याचे निळू फुले आठवतात. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा माणूस. 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. तेंडुलकरांचं लेखन आणि दौंडला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा मालकच जणू. अंगात काही खोट नाही, चेहऱ्यावर व्रण नाही. रस्त्यावर सापडलेल्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. प्रेमळ यजमान! आणि तरी मारुती कांबळेच्या खुनाचा माग लागत जातो तसं त्या प्रेमळपणाचंच भय वाटू लागतं. फुल्यांनी खलनायक शरीरात किंवा पोशाखात ठेवला नाही, कृत्यात ठेवला.

हा फरक आपल्याला जिव्हारी लागावा असा आहे. सुरमा, ताईत, दाढी, जाळीची टोपी दिसली की पुढे काय होणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं, असे किती सिनेमे आपण पाहिले? नटाला अभिनय करायचं कामच उरत नाही, वेशभूषाकारच त्याचं काम उरकून टाकतो.

'क्रिश ३'चं एक श्रेय मात्र मी देईन. काल मुंबईत विषाणू सोडतो, तो उतारा विकून पैसे करण्यासाठी. त्याचा गुन्हा नफ्याचा आहे, धर्माचा नाही. सात वर्षांनी खरीखुरी साथ आली तेव्हा अनेक वृत्तवाहिन्यांनी आणि मोबाइलवरच्या संदेशांनी खलनायक शोधला तो टोपी-दाढीवरून. भाजी विकणाऱ्यालाही नाव विचारलं गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि संकटकाळी बळीचा बकरा शोधला जातो, या अर्थाचं स्पष्ट मत नोंदवलं. निकाल आला, पण तोवर लोकांच्या डोक्यातला सिनेमा संपून गेला होता. एका मसालापटाला जे कळलं होतं, म्हणजे आधी फायदा कुणाचा ते बघा, ते बातम्यांच्या पडद्याला कळलं नाही.

म्हणून चौथ्या भागाकडून माझी मागणी साधी आहे. खलनायक हिंदू करा, मुस्लिम करा, निधर्मी करा, बाई करा, पुरुष करा. माझी तक्रार नाही. मुसलमान खलनायकच नको, असं मी म्हणणार नाही. आपल्यातही बदमाश आहेतच. पण त्याला काय हवंय ते सांगा, आणि त्यासाठी तो कुणाचा गळा दाबतो ते दाखवा. भूमिका चांगल्या नटाला द्या आणि त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवा. सिनेमागृहातून बाहेर पडलेल्या पोराने रस्त्यावर टोपीवाला किंवा कुबडीवाला दिसल्यावर दचकू नये. दचकायचंच असेल, तर औषधाची किंमत पाहून दचकावं.