डोक्यावरची मुदत ठेव

आमच्या बँकेत तुम्ही पाच हजार रुपये मुदत ठेवीत टाकलेत, तरी आम्ही तुम्हाला एक पावती देतो. तिच्यावर रक्कम असते, व्याजाचा दर असतो आणि ठेव कोणत्या दिवशी पिकणार ती तारीख असते. तारीख छापायची राहिली तर गिऱ्हाईक आमची कॉलर धरील, आणि धरावीच. मध्यंतरी माझ्या पाहण्यात एक वेगळीच पावती आली. रक्कम लाखाच्या घरात. तपशिलात एवढंच : 'ग्राफ्ट २४००'. खाली सही, शिक्का आणि 'पुन्हा भेट द्या'. पिकण्याची तारीख कुठंच नाही. पावती केशरोपणाची होती. हल्ली ज्याला शेंबडं पोरसुद्धा हेअर ट्रान्सप्लांट म्हणतं, त्याची. माझं सगळं भांडण त्या न छापलेल्या तारखेसाठी आहे.

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः टकल्या पक्षाचा जुना सभासद आहे. पण ज्याला केस हवेत त्याच्याबद्दल माझ्या मनात काडीचा राग नाही. 'माणसाला बुद्धी असली म्हणजे झालं, केसांचं काय घेऊन बसलात!' असं म्हणणारे लोक मी नीट पाहून ठेवलेत. बहुतेकांच्या डोक्यावर जंगल असतं. तिशीच्या मुलाचं लग्न जमवायला निघा म्हणजे कळेल. नोकरी बँकेत, नांदेडला स्वतःचं घर, गावाकडं ओलिताची जमीन. सगळं ऐकून मुलीकडची मंडळी खूश होतात आणि मग मुलाच्या कपाळाच्या वर, थोडं मागं पाहतात. नंतर निरोप येतो, "मुलगा चांगला आहे, पण वय जरा जास्त वाटतं." ह्या 'वाटतं'नं किती मुलांची झोप घालवली असेल! तेव्हा आमच्या शाखेतल्या कॅशियरनं लातूरला जाऊन डोक्यावर कलमं बसवून घेतली, त्यात मला काही वावगं दिसलं नाही. वावगं दिसलं ते पुढं.

कलम हाच शब्द बरोबर आहे. आपल्याकडं पॅटर्न म्हटलं की लातूर पॅटर्न आणि बारावीच्या गुणवत्ता याद्या आठवतात, पण टकलाचाही एक पॅटर्न आहे. नॉरवुड नावाच्या डॉक्टरानं १९७५ साली त्याच्या सात इयत्ता लावून दिल्या. कपाळ मागं सरकतं, मग टाळूवर चांदी उगवते, मग दोघं भेटतात. मात्र डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस सहसा शेवटपर्यंत राजीनामा देत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेनट्राइख ह्या डॉक्टरानं १९५९ साली दाखवून दिलं की हे मागचे केस पुढं आणून लावले तरी मागचाच स्वभाव धरून राहतात. आमच्या युनियनच्या जुन्या लोकांसारखं आहे हे. बदली कुठंही करा, वळण तेच! आता मिलिमीटरहून बारीक तोंडाच्या हत्यारानं एकेक मूळ उचलतात. एका कलमात एक ते चार केस. नवा केस एकही जन्माला येत नाही. म्हणजे कॉमर्सच्या भाषेत भांडवल वाढलं नाही, ह्या खात्यातून त्या खात्यात एक ट्रान्सफर एंट्री पडली. पण मागच्या खात्यातली शिल्लकही बेताचीच असते. तिथून बेसुमार उचल केली की मागचं रानही विरळ होतं. हेही त्या पावतीवर नव्हतं.

आमच्या कॅशियरचं रोपण मे महिन्यात झालं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं गेला आणि मागल्या सीटला डोकं न टेकवता परत आला. बरोबर सूचनांचा एक कागद होता, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत. आठवडाभर डोकं उंच ठेवून झोपायचं. मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा. खाजवायचं नाही. उन्हात जायचं नाही. नांदेडला, मे महिन्यात, पारा बेचाळिसावर असताना! हेल्मेट घालायचं नाही, ही तेवढी एक सूचना आमचं गाव पूर्वीपासून पाळत आलंय. तिसऱ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली. शिपाईमामांना वाटलं ह्याला मधमाश्या चावल्या; त्यांनी चुना आणून दिला. दहा-बारा दिवसांत खपल्या पडल्या आणि खाली बारीक, काळे, उभे केस दिसू लागले. गडी इतका खूश, की एका पेन्शनरला त्यानं चक्क हसून नोटा दिल्या.

आणि तिसऱ्या आठवड्यात केस गळायला लागले. उशीवर, टोपीत, हातात. महिन्या-दीड महिन्यात लावलेलं बहुतेक सगळं झडलं. "सर, सगळेच गेले बघा," असं म्हणताना त्याचा आवाज वसुली थकलेल्या खातेदारासारखा झाला होता. बाहेर जून संपत आलेला, रानात पेरण्या चाललेल्या. काउंटरवर एक म्हातारे शेतकरी टोपी सरकलेल्या डोक्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग अगदी मायेनं म्हणाले, "उगवना गेलं का वो सायब? मग दुबार पेरणीच की आता." शाखेत हशा पिकला. कॅशियर कॅशच्या केबिनमध्ये गेला आणि अर्धा तास बाहेर आला नाही.

आता ऐका. हे झडणं ठरलेलं असतं. दोन ते आठ आठवड्यांत लावलेल्या केसांपैकी बहुतेक केस पडतात, पण मूळ आत शाबूत असतं, विश्रांती घेत असतं. मुद्दल जागेवर आहे, फक्त पासबुकात शून्य दिसतंय. केस पडणं वेगळं आणि मूळ मरणं वेगळं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीला आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांना तीन-तीन, चार-चार दिवसांत टक्कल पडलं. दिल्लीहून आयसीएमआरचे शास्त्रज्ञ धावले. विंचूदंशावर आयुष्य घालवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. पुढं त्यांतल्या अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस दिसू लागले, कारण मूळ जिवंत होतं. ही गोष्ट आमच्या कॅशियरला शस्त्रक्रियेआधी नीट मराठीत, समोर बसवून, दोन मिनिटं सांगितली असती, तर काय बिघडलं असतं? त्यानं घाबरून दवाखान्यात फोन केला तेव्हा "नॉर्मल आहे सर" एवढे तीन शब्द मिळाले. चौथ्या शब्दाला पीआरपीच्या सहा सिटिंगचं पॅकेज! पैसे नसतील तर हप्ते! भ्यालेल्या माणसाला विकणं सर्वांत सोपं. मला तर दाट शंका आहे, की ती भीती त्यांच्या धंद्याच्या हिशेबात धरलेलीच असते.

खरा हिशेब असा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब फुटू लागतात, तेही पातळ, कुठं वाकडे, कुठं कुरळे. सहाव्या महिन्याला थोडं रान दिसतं. पीक मोजायचं ते बाराव्या महिन्याला. टाळूवरचं असेल तर कधी पंधरा, कधी अठरा. शिवाय तोवर जुन्या, न हलवलेल्या केसांची गळती चालूच असते. ती थोपवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषधं, पुढंही, वर्षानुवर्षं. म्हणजे इमारतीच्या किमतीत देखभाल धरलेली नाही. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन शंभर दिवसांत निघून दसऱ्याच्या सुमाराला लातूरच्या आडतीवर पोचलं, तेव्हा कॅशियरच्या कपाळावर सुगीची नुसती चाहूल होती.

एका डॉक्टरसाहेबांच्या मदतनिसाला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "सर, एवढं सगळं आधी सांगितलं तर पेशंट पळून जाईल." वा! ज्या लातूरनं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली, तिथला माणूस केसांसाठी वर्षभर थांबणार नाही? ज्या मराठवाड्याच्या केसर आंब्याला २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कलम लावणारा शेतकरी पहिल्या चांगल्या फळासाठी तीन-चार वर्षं थांबतो. आधी आलेला मोहोर स्वतःच्या हातानं खुडून टाकतो. आमच्या लोकांना थांबता येतं हो! फसता येत नाही. तारीख सांगितली तर तो मुलगा लग्नाची बोलणी कधी सुरू करायची, रजा कधी टाकायची, टोपी किती दिवस वापरायची, सगळं ठरवील. आमच्या कॅशियरचा पाहण्याचा कार्यक्रम नेमका जुलैत ठेवला होता. पावतीवर 'मे ते मे' लिहिलेलं असतं, तर ठेवला असता का? तो कार्यक्रम त्यानं आजारपणाचं निमित्त काढून मोडला. मुलीकडचे पुन्हा आले नाहीत.

'एका दिवसात केस' असे फलक मी दोन्ही गावांत वाचतो. शब्दशः पाहिलं तर खोटं नाही. पेरणीही एका दिवसात होते. पण पेरणीच्या संध्याकाळी कुणी पोती शिवायला बसत नाही. आणि ते फोटो! 'आधी'च्या फोटोत ओले केस, डोक्यावर झगझगीत दिवा, खाली घातलेली मान. 'नंतर'च्या फोटोत कोरडे, फुगवलेले केस, कोट आणि हसू. केस झाकून ठेवले तरी दोन्ही माणसांत फरक पडेल! वर 'नंतर' म्हणजे कधी, ते लिहिलेलं नाही. तारीख नसलेला ताळेबंद आमच्या ऑडिटरनं फाडून टाकला असता.

कॅशियरही तोवर दररोज फोटो काढायला लागला होता. सकाळी, दुपारी, बाथरूमच्या आरशात, एटीएमच्या काचेत. मोबाइल भरून गेला, डोकं तेवढं रिकामं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. तो आरशात रोज शोधणं म्हणजे मुदत ठेवीचं व्याज तासातासाला मोजणं. शेवटी मी त्याला शिस्त लावून दिली. महिन्यातून एकदा, एक तारखेला. रेकॉर्ड रूममधल्या त्याच ट्यूबलाइटखाली, त्याच फरशीवर उभं राहून, कोरडे बिनतेलाचे केस. समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी. मधल्या काळात फोटो बंद. आणि पाहायचा तो मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी, आरशाशेजारी नाही. शिपाईमामा साक्षीदार. पाहणाऱ्या मंडळींनाही मी तंबी दिली की 'काही फरक वाटत नाही बुवा' हे वाक्य मे महिन्यापर्यंत शाखेत उच्चारायचं नाही. ह्यात सर्वांत जास्त त्रास मॅनेजरसाहेबांना झाला. मधल्या दिवसांत कॅशियर कधी नव्हे तो रोज सचखंड गुरुद्वारात जाऊ लागला. तिथं सगळ्यांचीच डोकी झाकलेली. कोण दाट, कोण विरळ, विचारायला कुणी नाही.

ह्या चेष्टेत एक गोष्ट मात्र मी चेष्टेवारी नेणार नाही. हे काम शस्त्रक्रियेचं आहे. मुंबईत २०१९ साली एक व्यावसायिक केशरोपणानंतर दोनेक दिवसांत दगावला. कानपुरात दोन अभियंते केशरोपणानंतर गेल्याच्या तक्रारी २०२५ साली पोलिसांत पोचल्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ सालीच बजावून ठेवलंय, की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून ही शस्त्रक्रिया शिकल्याचं धरता येणार नाही. यूट्यूबवर पुरणपोळी शिकणाऱ्यांचीसुद्धा मला भीती वाटते! सरकारनं तर केशरोपणाला जीएसटीच्या माफीतून नाव घेऊन वगळलंय. म्हणजे कर वसूल करताना ते नटणं-मुरडणं, आणि सुई टोचताना मात्र पूर्ण दवाखाना. मग ज्याच्या हातात ते हत्यार होतं, त्याचं नाव आणि पदवी पावतीवर का नको? आमच्या प्रत्येक व्हाउचरवर दोन सह्या असतात, त्या दोनशे रुपयांच्या असल्या तरी.

सध्या आठवा महिना चालू आहे. जानेवारीच्या एक तारखेचा फोटो मी स्वतः काढला. डावी बाजू चांगली भरली आहे, उजवी जरा मागं आहे, शिपाईमामांचं मत उलट आहे. कॅशियर टोपी घरी ठेवून येतो. दवाखान्याला आम्ही दोघांनी मिळून एक पत्र लिहिलं. चार मुद्दे विचारले : ठेव पिकण्याची तारीख, दरमहा काय अपेक्षित, मूळ उचलणाऱ्याचं नाव आणि पदवी, मागच्या खात्यातली शिल्लक. नमुना म्हणून आमच्या ठेव पावतीची झेरॉक्स जोडली आहे. पत्र स्पीड पोस्टानं गेलं. पोच आली आहे. उत्तर आलेलं नाही.